दुसऱ्या बैठकीचा करपलेला भात

१

मौनाच्या पाचव्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, भंते ओरडले.

विहारात त्या आठवड्यात कोणी कुजबुजतही नव्हतं. वीस-बावीस माणसं सात दिवस एक शब्द न बोलता ध्यानाला बसली होती आणि त्यांत सगळ्यांत अबोल खुद्द भंतेच होते. एरवीसुद्धा दोन वाक्यं लागोपाठ बोलायची म्हणजे त्यांना मधे पाणी प्यावं लागे. त्यामुळे तो आवाज त्यांचा आहे हे कळायलाच लोकांना जरा वेळ गेला.

सगळ्यांत आधी पोचल्या उशीमावशी, कारण त्या दारातच होत्या. थोरल्या भंतेंच्या बंद खोलीसमोरच्या ओसरीवर चादर अंथरून त्या सावरीचा कापूस पिंजत बसल्या होत्या. विहारातल्या झाडून सगळ्या उशा त्यांनीच शिवलेल्या. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दुकानात गाद्या शिवल्या, नवरा गेल्यावर इथे राहायला आल्या आणि तेव्हापासून सगळ्यांच्या बुडाखालची जबाबदारी त्यांच्याकडे आली. हे त्यांचंच वाक्य.

खोलीत भंते हातात फुलं घेऊन उभे होते. समोर बैठ्या मेजावरची लाकडी पेटी उघडी होती. पेटी रिकामी होती आणि जमिनीवर लाल लाखेचा चुरा पडला होता.

त्या पेटीत काय होतं ते विहारात सगळ्यांना ठाऊक होतं. थोरले भंते गेल्या वर्षी वारले. जाण्याआधी त्यांनी एक पत्र लिहून, लाखेनं बंद करून ठेवलं होतं. आपल्यामागे विहार कोणी सांभाळायचा, ते त्यात होतं. वर्षानंतरच्या मौन-सप्ताहाच्या शेवटच्या संध्याकाळी ते सगळ्यांसमोर फोडायचं होतं. म्हणजे अजून दोन दिवसांनी.

भंतेंनी फुलं खाली ठेवली आणि पाच दिवसांतलं आपलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"स्वयंपाकीणबाईंना बोलवा," ते म्हणाले.

२

ध्यानाच्या दालनात सगळे जमले. भंतेंनी मांडलेला हिशेब सरळ होता. सकाळी पहिल्या बैठकीनंतर ते खोलीत फुलं ठेवायला गेले, तेव्हा पेटी बंद होती. मग दुसरी बैठक झाली, तेव्हा सगळे दालनात होते. तिच्यानंतर चंक्रमण, म्हणजे एकामागोमाग रांगेत चालत करायचं ध्यान, तेही दालनातच. तिथून सगळे एकत्रच जेवायला गेले. जेवण झाल्यापासून खोलीच्या दारात उशीमावशी बसलेल्या.

"या सगळ्या वेळात दालनाबाहेर एकच व्यक्ती होती," भंते म्हणाले. त्यांना हे बोलणं जड जात होतं, पण ते बोलले. "आणि आज भात करपला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा. बाई चुलीजवळ असत्या, तर भात करपला नसता."

वीस-बावीस माणसांनी एकदम स्वयंपाकीणबाईंकडे पाहिलं. उंच, हाडापेराची बाई, पदर खोचलेला, हाताला अजून पीठ. विहारात येण्याआधी तीन वर्षं ती तुरुंगात होती आणि तीनशे माणसांचा स्वयंपाक तिथेच शिकली. हे तिनं कधी लपवलं नाही. लपवलं असतं तर आज कोणाला आठवलं नसतं.

"बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

स्वयंपाकीणबाईंनी भंतेंच्या डोळ्यांत पाहिलं आणि ओठ मिटलेलेच ठेवले. मान खाली घातली नाही, हात जोडले नाहीत.

"मौनात राहून लिहूनसुद्धा सांगता येईल," भंतेंनी कागद पुढे केला. बाईंनी तो घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि परत दिला.

उशीमावशींना त्यामागचं कारण ठाऊक होतं. मौन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी लसूण सोलता सोलता बाई म्हणाली होती, "कोर्टात मी वर्षभर खरं सांगत होते, मावशी. घसा बसेपर्यंत सांगितलं. कोणी ऐकलं नाही. आता मला जेव्हा वाटेल तेव्हाच बोलायचं, दुसऱ्यानं विचारलं म्हणून नाही." सात दिवसांचं मौन तिनं घेतलं होतं आणि ते ती कोणाच्या आरोपासाठी मोडणार नव्हती.

"मग माझा नाइलाज आहे," भंते म्हणाले. "उद्या सकाळच्या दुसऱ्या घंटेआधी बाईंनी विहार सोडावा."

बाईंना जायला दुसरी जागा नव्हती. भावानं दार लावून घेतलेलं, मुलगी पत्र लिहीत नाही. हेही सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे गप्प बसले. मौन होतं ना! मूग गिळून बसायला याहून चांगली सोय कुठली?

उशीमावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर त्यांना कोणी ना कोणी 'तू गप्प बस' म्हणत आलं होतं. आधी सासू, मग दुकानाचा मालक, मग नवऱ्याचे भाऊ. इथलं मौन त्यांना आवडलं, कारण ते त्यांनी स्वतः पत्करलं होतं. पण आज दालनात जे पसरलं होतं, ते त्यांना जुन्याच ओळखीचं वाटलं.

"चूक," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

३

"मावशी, मौन मोडलं तर शिबिर सोडावं लागतं," भंते हळूच म्हणाले.

"सोडते की. पण बोलून सोडते. उद्याच्या दुसऱ्या घंटेपर्यंत बाई इथे आहेत ना? मग तोवर मी विचारणार आणि ज्याला वाटेल त्यानं उत्तर द्यावं. नाही सापडला चोर, तर आम्ही दोघी एकाच फाटकातून बाहेर पडू."

भंतेंनी पाण्याचा पेला उचलला आणि नुसताच धरून ठेवला. उशीमावशींनी त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि तडक स्वयंपाकघर गाठलं.

मोठ्या पातेल्याच्या बुडाला करपलेला थर तसाच होता, काळाकुट्ट, दोन बोटं जाड. स्वयंपाकीणबाई तो खरवडत होती.

"हे बघ, तू बोलू नकोस. तुझं मौन तुझ्यापाशी ठेव. मी विचारते, तू दाखव. सकाळी काय केलंस?"

बाईंनी हात पुसले आणि पहिल्यापासून सगळं करून दाखवलं. कानाला हात लावला, म्हणजे बैठकीची घंटा झाली. पातेलं मंद चुलीवर चढवलं. मग भिंतीशी ठेवलेलं बुटकं स्टूल ओढलं, त्यावर ताठ बसून डोळे मिटले. तीही ध्यानाला बसत असे, चुलीसमोर. थोरल्या भंतेंनीच तिला ही रीत घालून दिली होती : घंटेला भात चढव, बस, घंटेला उतरव, मधे काही झालं तरी उठायचं नाही. विहारात घड्याळं नाहीत. मनगटावरची आणि भिंतीवरची, सगळी पहिल्या दिवशी एका पेटाऱ्यात जातात. सहा वर्षं भात त्या दोन घंटांच्या मधेच शिजत आला होता.

"मग करपला कसा?"

बाईंनी पुन्हा डोळे मिटले. नाकपुड्या फुगवल्या, तोंड वाकडं केलं. करपल्याचा वास आला होता तर! मग तिनं कानाकडे बोट केलं आणि ठाम मान हलवली. गुडघ्यांवर मुठी आवळून ती तशीच बसून राहिली आणि मिटल्या डोळ्यांच्या कडेला तिच्या पाणी आलं.

भात करपत होता, वास येत होता, एवढी हाडाची स्वयंपाकीण, पण घंटा झाली नव्हती म्हणून ती जागची हलली नव्हती.

"अगं वेडे," उशीमावशी म्हणाल्या. "म्हणजे घंटाच उशिरा झाली!"

आणि मग त्यांना स्वतःचा डावा पाय आठवला. ध्यानात त्यांच्या डाव्या पायाला मुंग्या येत, अगदी न चुकता बैठक संपता संपता. मुंग्या आल्या की घंटा आलीच, असा चार वर्षांचा अनुभव. आज मुंग्या आल्या, चढल्या, पाय बधिर होऊन मेला, तरी घंटा नाही. त्यांनी तेव्हा आपल्या म्हातारपणाला दोष दिला होता.

४

एका बाईच्या नाकावर आणि दुसरीच्या पायावर कोणी विश्वास ठेवला नसता, हे उशीमावशींना पक्कं ठाऊक होतं. त्या बाहेर पडल्या.

विहिरीपाशी दाताच्या डॉक्टरीणबाई आपला वाडगा धूत होत्या. दर वर्षी सुट्टी काढून मौनाला यायच्या. थोरल्या भंतेंचा त्यांच्यावर जीव होता आणि पत्रात त्यांचंच नाव असणार, असं काहीजण म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, म्हणून त्या अस्वस्थ होत्या.

"माझ्यावर संशय आहे का, मावशी?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"सगळ्यांवर आहे. माझ्यावरसुद्धा. मला एवढंच सांगा, दुसऱ्या बैठकीत काही वेगळं जाणवलं?"

"बैठकीत नाही. सगळे भिंतीकडे तोंड करून बसलेले, कोण काय करतंय ते दिसत कुठे? पण बैठक संपल्यावर..." त्या थांबल्या. "घंटा झाली आणि लगेच काडेपेटीचा वास आला. मला तो सहन होत नाही, शिंका येतात. मी तीन शिंका दिल्या."

उशीमावशींनी कान टवकारले. विहारात वेळ मोजायची ती उदबत्तीनं. एक उदबत्ती जळून संपली की बैठक संपली. आणि काडी ओढायची ती फक्त पहाटे, एकदा. नंतर दिवसभर प्रत्येक उदबत्ती आधीचीच्या निखाऱ्यावर पेटवायची, विस्तव तुटू द्यायचा नाही, असा नियम. काडी ओढावी लागली म्हणजे आधीची उदबत्ती विझून गार झाली होती.

फाटकाशी ट्रकवाला चपला शिवत बसला होता. दांडगा गडी, रात्रंदिवस ट्रक चालवून झोपेचं वाटोळं झालेलं, डॉक्टरांनी पाठवलं म्हणून आलेला. कोणीतरी बोलायला आलं म्हणून तो इतका खूश झाला, की विचारण्याआधीच सुरू झाला.

"मी पत्र चोरून काय करू, मावशी? मला वाचायलाच कंटाळा येतो."

"दुसऱ्या बैठकीत काय केलंस?"

"झोपलो!" त्यानं जीभ चावली. "रोजच डोळा लागतो. पण रोज दारापाशी बसणारे घंटाकाका येऊन खांद्यावर थोपटतात. आज काय पावले कोण जाणे, कोणी उठवलंच नाही. दोन स्वप्नं पडली बघा. एकात तर मी घरी जाऊन जेवूनसुद्धा आलो."

"घोरलास का?"

"शेजारच्या डॉक्टरीणबाईंना विचारा. लाजून त्या सांगणार नाहीत."

उशीमावशी तिथेच पायरीवर बसल्या. उदबत्ती विझली, तरी घंटा नाही. ट्रकवाला घोरतोय, तरी कोणी थोपटत नाही. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. दारापाशी, सगळ्यांच्या पाठीमागे एकच माणूस बसतो. तो जागेवर आहे की नाही, हे वीस जणांपैकी एकालाही दिसत नाही.

मौन होतं म्हणून डॉक्टरीणबाईंनी शिंकेबद्दल कोणाला सांगितलं नव्हतं, ट्रकवाल्यानं झोपेबद्दल, बाईंनी घंटेबद्दल. खरं काय ते इथेच होतं, चौघांकडे वाटून पडलेलं.

५

घंटाकाका तेरा वर्षं घंटा वाजवत होते. आधी कुठल्याशा शाळेत शिपाई होते, तिथेही घंटाच वाजवायचे. सडसडीत, शांत माणूस. ताप असला तरी पहाटेची घंटा चुकली नाही. उशीमावशींना ते आवडत. दर हिवाळ्यात त्यांच्या भेगाळलेल्या टाचांसाठी त्याच मलम आणून देत. म्हणूनच पुढचं पाऊल टाकायला त्यांना जड गेलं.

चंक्रमणात नजर पुढच्याच्या पावलांवर ठेवायची असते. रांगेत घंटाकाका पहिले, उशीमावशी दुसऱ्या. चार वर्षांत त्यांना काकांच्या चेहऱ्यापेक्षा टाचा जास्त पाठ झाल्या होत्या. आज सकाळी त्या उजव्या टाचेच्या भेगेत, मलमाला चिकटून, सावरीचा पुंजका होता आणि त्यात लाल ठिपका. टाच फुटून रक्त आलं, असं त्यांना वाटलं होतं. बिचारे, असंही वाटलं होतं.

त्या मलमाची डबी आणि कापडाची पट्टी घेऊन गेल्या. घंटाकाका दालनात उदबत्तीची राख चाळत होते.

"टाच दाखवा काका. सकाळी रक्त आलं होतं."

काकांनी मान हलवून नको म्हटलं. पण मावशी खाली बसल्यासुद्धा होत्या आणि त्यांनी पाऊल धरून उलटं केलं. टाच धुऊन स्वच्छ केलेली होती. भेगा होत्या, पण जुन्या, कोरड्या. जखम कुठेच नव्हती.

मावशींनी काही न बोलता मलम लावलं.

"जाता जाता तुमची उशी नेते," त्या उठताना म्हणाल्या. "कडक झालीये म्हणून महिनाभर मागे लागलात ना? आज सावरी मोकळी केलीच आहे."

घंटाकाकांनी पटकन उशीवर हात ठेवला. त्यांनी पुन्हा मान हलवली : नको.

६

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घंटेआधी स्वयंपाकीणबाई आपली पिशवी घेऊन दालनाच्या दारात उभी राहिली. उशीमावशीही पिशवी घेऊन आल्या होत्या. बाकीचे आपापल्या जागी बसले होते, पण आज कोणाचंच तोंड भिंतीकडे नव्हतं.

"भंते, भात का करपला ते सांगते," मावशी म्हणाल्या. "बाई चुलीजवळ नव्हती म्हणून नाही. ती घंटेची वाट बघत चुलीजवळच बसली होती, म्हणून. काल दुसऱ्या बैठकीची घंटा उशिरा झाली."

मग त्यांनी एकेक पुढे मांडलं. पायाच्या मुंग्या. डॉक्टरीणबाईंच्या शिंका, त्यांनी उठून "खरं आहे" म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ट्रकवाल्याची झोप, त्यानं "घोरलोसुद्धा" अशी भर घातली. शेवटी सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या, घंटेखाली बसलेल्या माणसाकडे.

घंटाकाका उभे राहिले.

"मला डुलकी लागली," ते म्हणाले. "तेरा वर्षांत पहिल्यांदा. जाग आली तर उदबत्ती विझलेली. लाज वाटली, म्हणून बोललो नाही."

दालनात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. डुलकी कोणाला लागत नाही? भंतेंचा चेहरा उजळला. "काका, कबूल केलंत, हेच पुष्कळ झालं. म्हणजे भाताचा खुलासा झाला. पत्राचं मात्र..."

"थांबा," मावशी म्हणाल्या. "काका, काल सकाळी पहिल्या बैठकीनंतर, भंते फुलं ठेवून गेल्यावर मी थोरल्या भंतेंच्या दारात सावरी पसरली. तोवर तुम्ही दालनात येऊन बसला होतात. तुमची घंटा ऐकून मी उठले, सगळ्यांत शेवटी आत आले. बैठक संपली, चंक्रमण सुरू झालं आणि तुमच्या टाचेला माझी सावरी होती. डुलकीत चालत गेलात का?"

"तुमच्याच पायाला लागून आली असेल," भंते पुटपुटले.

"आली असेल की! पण तिच्यात लाल ठिपका होता. मी रक्त समजले. काल टाच पाहिली, तर कुठे खरचटलंसुद्धा नाही. ती लाख होती, भंते. पेटीजवळ सांडलेली लाख माझ्या पायाला कशी लागेल? मी तर दुपारी तुमचा आवाज ऐकेपर्यंत आत पाऊलही टाकलं नव्हतं." त्या घंटाकाकांकडे वळल्या. "उशीची खोळ मी काढू, की तुम्ही काढता?"

घंटाकाका वाकले, उशीच्या खोळीच्या नाड्या सोडल्या आणि आतून चुरगळलेलं पत्र काढलं. कालपासूनच्या सगळ्या बैठका ते त्याच्यावर बसले होते.

"मला फक्त बघायचं होतं," ते म्हणाले. "तेरा वर्षं! माझं नाव असेल का, एवढंच बघायचं होतं. ध्यानाला बसलो की दुसरं काही येतच नव्हतं डोळ्यांपुढे. वाटलं, जाऊन बघू आणि पुन्हा चिकटवून ठेवू. पण लाख फुटली. आणि वाचलं, तर तिथेच मटकन बसलो. किती वेळ गेला, कळलं नाही."

भंतेंनी पत्र घेतलं आणि वाचलं.

"'ज्यानं इतकी वर्षं घंटा सांभाळली, त्यानंच विहार सांभाळावा. त्याला थांबता येतं.'"

घंटाकाका भिंतीला टेकून रडू लागले. दोन दिवस. फक्त दोन दिवस थांबायचं होतं.

उशीमावशींना वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. पण दारातल्या पिशवीकडे लक्ष गेलं, तशा त्या पुन्हा ताठ झाल्या.

"पत्राचं मी समजू शकते, काका. पण काल बाईला घालवायचं ठरलं, तेव्हा तुम्ही इथेच होतात आणि गप्प बसलात. ते मला समजत नाही."

"मलाही नाही," काका म्हणाले. "मला थांबता आलं नाही, भंते. ते पत्र आता माझ्यासाठी नाही."

भंतेंनी डोळे मिटले. "झालं ते फार वाईट झालं. आता ही गोष्ट या दालनाबाहेर जायला नको. आपण सगळे पुन्हा मौन धरू आणि..."

"अजिबात नाही!" मावशींनी पिशवी धप्पकन जमिनीवर ठेवली. "चोरीचं खापर बाईच्या डोक्यावर मोठ्यानं फोडलंत, सगळ्यांसमोर. माफी मनातल्या मनात? ती पण मोठ्यानं, सगळ्यांसमोर. तोवर मी या उंबऱ्यात बसते. घंटा होवो नाहीतर न होवो."

आणि त्या खरंच उंबऱ्यात बसल्या. डावा पाय पुढे पसरून.

भंते जागचे उठले. उभं दालन ओलांडून ते दारापाशी आले, स्वयंपाकीणबाईंसमोर गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

"बाई, मी चुकलो," ते मोठ्यानं म्हणाले. "तुम्ही तुरुंगात होतात, म्हणून मी दुसरीकडे बघितलंच नाही. मला माफ करा."

स्वयंपाकीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. ओठ उघडले नाहीत. पिशवी खुंटीला अडकवली, पदर खोचला आणि त्या स्वयंपाकघराकडे निघून गेल्या. मौनाला अजून दीड दिवस बाकी होता.

७

सातव्या दिवशी संध्याकाळी मौन सुटलं. सगळे दालनात जमले. घंटाकाका विहार सोडून निघाले होते. मावशींनी त्यांना "पळून कुठे जाता?" म्हणून अडवलं आणि आता ते सगळ्यांत मागे बसले होते. विहार कोणी सांभाळायचा, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि तोवर भंतेंनी बघायचं, असं झालं. उशीमावशींनी मौन मोडल्याची आठवण कोणी काढली नाही. काढायची हिंमतही कोणात नव्हती.

"कोणाला काही बोलायचं आहे?" भंतेंनी रीतीप्रमाणे विचारलं.

स्वयंपाकीणबाई उठल्या. मावशींना वाटलं, आता ही रडणार किंवा आभार मानणार, आणि आपल्यालाही रडू येणार.

"मला घड्याळ पाहिजे," बाई म्हणाल्या.

भंते चमकले. "विहारात घड्याळ? पण थोरल्या भंतेंची रीत..."

"रीत मला माहितीये. सहा वर्षं पाळली. परवा भात जळत होता, मला वास येत होता आणि मी घंटेसाठी बसून राहिले. बावीस माणसांचं अन्न डोळ्यांदेखत जळू दिलं. पुन्हा नाही. घंटा तुमची तुम्ही वाजवा, ध्यानाला मी बसेन. पण माझा भात कधी उतरवायचा, ते मी ठरवणार." त्या मागे वळल्या. "आणि काका, करपलेलं पातेलं अजून निघालेलं नाही. उद्यापासून ते तुम्ही घासायचं. चमकेपर्यंत."

घंटाकाकांनी मान डोलावली. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

भंते काही बोलणार, तेवढ्यात उशीमावशी पेटाऱ्याकडे गेल्या. आपलं जुनं मनगटी घड्याळ त्यांनी शोधून काढलं, किल्ली दिली, कानाशी धरून बघितलं आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगून आल्या. कोणी अडवलं नाही.

घंटा वाजवायचं काम मग मावशींकडेच आलं. दुसऱ्या दिवशीची दुसरी बैठक. दालनात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. उदबत्ती संपत आली. मावशी उठायला गेल्या, तर डाव्या पायाला मुंग्या. पायाला मनातल्या मनात शिव्या घालत, भिंत धरून त्या घंटेकडे सरकू लागल्या.

तेवढ्यात अंगणापलीकडून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून खणखणीत आवाज आला.

"मावशी! भात केव्हाच उतरवलाय मी! दोन मिनिटं उशीर झालाय तुम्हाला!"